मिडसमरला गोथेनबर्गमध्ये मुक्काम: गाडीने स्कँडिनेव्हिया फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओस्लो ते कोपनहेगन गाडीने जायचं म्हटलं की गोथेनबर्ग जवळजवळ मधोमध येतं, त्यामुळे बरेच जण एक-दोन रात्री इथे टाकतात. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलात तर मात्र स्वीडनच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सणांपैकी एक, मिडसमर, नेमका तुमच्या मुक्कामावर येऊन बसतो. आई-बाबांना फिरवायला निघालेले, किंवा पुण्या-मुंबईहून थेट येऊन गाडी भाड्याने घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मिडसमर नक्की कोणत्या तारखेला असतो?

तारीख ठरलेली नसते, वार ठरलेला असतो. पूर्वी हा सण २३-२४ जूनला, म्हणजे सेंट जॉनच्या दिवसाला धरून असायचा. १९५३ पासून तो शनिवार-रविवारला जोडला गेला. आता १९ ते २५ जूनमध्ये जो शुक्रवार येईल तो मिडसमरची पूर्वसंध्या, आणि दुसरा दिवस, शनिवार, मिडसमरचा दिवस. २०२६ मध्ये हा शुक्रवार १९ जूनला आहे, २०२७ मध्ये २५ जूनला.

खरी मजा शुक्रवारीच असते. कॅलेंडरवर सरकारी सुट्टी शनिवारची आहे, पण शुक्रवारीही जवळजवळ कोणी कामावर नसतं. 'सण शनिवारी आहे, शुक्रवारी शॉपिंग उरकू' असं ठरवून येणारे इथेच फसतात.

म्हणजे शहर बंद असतं का?

बऱ्यापैकी. कपड्यालत्त्याची दुकानं, बरीच रेस्टॉरंट्स, अनेक म्युझियम्स शुक्रवारी एकतर उघडत नाहीत किंवा दुपारीच आटोपतात. मोठी सुपरमार्केट्स उघडी असतात, पण कमी वेळ. ट्राम-बस चालू असतात, वेळापत्रक सुट्टीचं. लोक किनाऱ्यावरच्या नाहीतर तळ्याकाठच्या आपापल्या उन्हाळी घरांकडे निघून जातात, आणि एरवी गजबजलेल्या आव्हेन्यू रस्त्यावर दुपारी दोन वाजता तुम्ही, चार सीगल आणि तुमच्यासारखेच गोंधळलेले जर्मन पर्यटक एवढेच उरता.

मग तिथे थांबायचंच कशाला?

कारण सण बघायला हे सोयीचं गाव आहे. खेड्यातला मिडसमर जास्त देखणा असतो हे खरं, पण तिथे ओळख नसली तर राहायला जागा मिळणं कठीण. किनाऱ्यावरची मार्स्ट्रांड, स्मोएगन, फ्येलबाका ही गावं या आठवड्यात तुडुंब भरलेली असतात. त्या मानाने शहरातल्या हॉटेलांत जागा सहज मिळते. उत्सव ट्रामच्या अंतरावर, समुद्र ट्रामच्या अंतरावर, आणि गाडी एका जागी लावून ठेवता येते.

अट एकच: गुरुवारी पोहोचा, आणि शक्यतो दुपारच्या आत. गुरुवारी सामान भरा, शुक्रवारी सण बघा, शनिवारी बेटांवर जा, रविवारी सकाळी निघा. याहून सुटसुटीत आखणी मला तरी माहीत नाही. तुमच्याकडे एकच रात्र असेल आणि ती शुक्रवारची असेल, तर निदान शुक्रवारी सकाळी लवकर शहरात शिरा.

कुठून किती वेळ लागतो?

ओस्लोहून सुमारे २९० किलोमीटर, कोपनहेगनहून ओरेसुंड पूल ओलांडून सुमारे ३१५. दोन्हीकडून ई-६ महामार्ग, साधारण साडेतीन तास. स्टॉकहोमहून सुमारे ४७० किलोमीटर, पाच तास धरा. जर्मनीतून येणाऱ्यांना कीलहून रात्रभराची फेरी-बोट आहे. गाडी पोटात घेऊन ती सकाळी गोथेनबर्गला सोडते. डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सहाव्हनहूनही गाड्या घेणारी फेरी येते.

हे साडेतीन तास रिकाम्या रस्त्याचे आहेत. मिडसमरच्या आधल्या दिवशी दुपारनंतर सगळं शहर बाहेर पडत असतं, आणि ई-६ वरचा, येता नावाच्या नदीच्या खालून जाणारा टिंगस्टाड बोगदा तुंबतो. गुरुवारी चारच्या सुमारास तिथे अडकलात तर गाणी लावून बसण्यापलीकडे उपाय नाही.

महाराष्ट्राचं लायसन्स चालतं का?

पर्यटक म्हणून आलात तर चालतं. ते इंग्रजीत आणि फोटोसह असावं. तरीही आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढूनच या. पोलीस मागतील न मागतील, गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या काउंटरवर मागतात. परमिट एक वर्ष चालतं. नॉर्वे किंवा डेन्मार्कमध्ये गाडी न्यायची असेल तर ते बुकिंग करतानाच सांगा. विमा त्याप्रमाणे लागतो.

उजव्या बाजूने चालवायची सवय होते का?

सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात होते. चुका होतात त्या रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळताना आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, कारण तेव्हा पुढे बघून शिकायला दुसरी गाडी नसते. शेजारी बसणाऱ्याने 'उजवीकडे, उजवीकडे' म्हणत राहायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. स्वीडन स्वतःही १९६७ पर्यंत आपल्यासारखं डाव्या बाजूने चालायचं. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्ख्या देशाने बाजू बदलली.

आणखी काही नियम आपल्याकडच्या सवयीला आडवे येतात. हेडलाइट दिवसाही लावलेलेच हवेत. मागच्या सीटवर बेल्ट सक्तीचा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याची वेगळी सीट हवी. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की थांबायचं, आणि खरंच थांबायचं. तो तुमच्याकडे न बघता पाऊल टाकतो, कारण तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

ट्रामची भीती वाटते, काय करायचं?

ट्रामला जाऊ द्यायचं. गोथेनबर्गचं ट्रामचं जाळं नॉर्डिक देशांत सगळ्यात मोठं आहे आणि रस्त्यावर तिचाच मान पहिला, पायी चालणाऱ्यांच्याही आधी. शहराच्या मध्यात गाडी फिरवू नका, एवढा साधा सल्ला पाळला तर हा प्रश्नच उरत नाही.

गर्दी-कर म्हणजे काय? टोलनाका कुठे दिसत नाही.

दिसणारही नाही. रस्त्यावरच्या कमानींवरचे कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि बिल मागाहून येतं. भाड्याची गाडी असेल तर कंपनीमार्फत. हा कर २०१३ पासून आहे. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते संध्याकाळी साडेसहाच्या सुमारापर्यंत तो लागतो आणि एका दिवसात जास्तीत जास्त ६० क्रोनर होतो. तासाभरात कितीही कमानी ओलांडल्या तरी त्यातली सगळ्यात मोठी रक्कम एकदाच धरतात.

मिडसमरच्या शुक्रवारी, शनिवार-रविवारी आणि अख्ख्या जुलैत हा कर नसतो. गुरुवारी मात्र असतो.

पार्किंगच्या पाट्या काही केल्या कळत नाहीत.

कोणालाच पहिल्यांदा कळत नाहीत, आणि दंड मात्र लगेच कळतो. पाटीवर वेळांच्या तीन ओळी असू शकतात. काळ्या आकड्यांतली वेळ साध्या कामाच्या दिवसांची. कंसातली वेळ सुट्टीच्या आदल्या दिवसाची, म्हणजे एरवी शनिवारची. लाल आकड्यांतली रविवार आणि सणाच्या सुट्टीची.

आता मिडसमरचा घोळ बघा. शुक्रवार हा सुट्टीचा आदला दिवस, म्हणून त्या दिवशी कंसातली वेळ लागू. शनिवार स्वतःच सणाची सुट्टी, म्हणून लाल वेळ. नेहमीच्या सवयीने शुक्रवारला काळी ओळ आणि शनिवारला कंस वाचलात तर दोन्ही दिवशी चुकाल.

याशिवाय रस्ते झाडायचा वार आणि वेळ लिहिलेली वेगळी पाटी असते. त्या वेळात गाडी तिथे असता कामा नये. चौकापासून आणि झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे १० मीटरच्या आतही गाडी लावायची नाही. पैसे ॲपवरून किंवा मशिनवर कार्डने भरायचे. हॉटेलचं पार्किंग महाग वाटलं तर शहराच्या कडेला ट्राम स्टॉपजवळच्या वाहनतळात गाडी लावून आत या.

पेट्रोल पंपावर कोणी नसतं, मग भरायचं कसं?

स्वतः. आधी मशिनमध्ये कार्ड घालून पिन टाका, मग नळी उचला. पिन नसलेलं कार्ड कामाचं नाही. '९५' म्हणजे नेहमीचं पेट्रोल. 'ई-८५' असं लिहिलेलं स्वस्त दिसतं म्हणून भुलू नका. त्यात बहुतांश इथेनॉल असतं आणि ते साध्या पेट्रोल गाडीसाठी नाही.

फुलांचा खांब कुठे बघायला मिळेल?

शहरातल्या शहरात स्लॉट्सस्कूगन या मोठ्या बागेत, किंवा शेजारच्या म्योल्नडालमध्ये गुन्नेबू हवेलीच्या आवारात. बेटांवरही उभारतात. त्या वर्षीचा कार्यक्रम आणि वेळ आधी बघून ठेवा. साधारणपणे शुक्रवारची दुपार धरून चाला.

खांब म्हणजे एक उंच लाकडी सोट, वर आडवी दांडी, दांडीच्या दोन्ही टोकांना लोंबणारी दोन मोठी कडी, आणि हे सगळं बर्चच्या पाल्याने आणि रानफुलांनी मढवलेलं. तो उभा राहिला की भोवती रिंगण धरतात. सगळ्यात लाडका नाच बेडकांचा. बेडकाला कान नसतात आणि शेपटीही नसते, एवढाच गाण्याचा विषय. त्यावर आजोबांपासून दोन वर्षांच्या पोरीपर्यंत सगळे आधी कानाशी हात हलवतात, मग कमरेमागे हाताची शेपटी करून खांबाभोवती उड्या मारत जातात. बँकेत काम करणारी, एरवी लिफ्टमध्ये नजर चुकवणारी ही माणसं असं करताना बघणं हाच निम्मा सण आहे.

बघत उभं राहू नका, रिंगणात शिरा. कोणी बोलावणार नाही, पण शेजारचा हात पुढे येतोच. साडी नेसलेल्या सासूबाईंना दोन्ही बाजूंनी हात मिळतात आणि फोटोसाठी रांगही लागते, हे सांगून ठेवतो.

सात फुलांचं काय प्रकरण आहे?

लग्न न झालेल्या मुलीने मिडसमरच्या रात्री सात प्रकारची रानफुलं न बोलता वेचायची आणि उशीखाली ठेवून झोपायचं. स्वप्नात होणारा नवरा दिसतो म्हणतात. काही ठिकाणी सात कुंपणंही ओलांडायची असतात. आपल्याकडे साधारण याच दिवसांत वटपौर्णिमेला बायका मिळालेला नवराच सात जन्म मागून घेतात. इथल्या मुलींची अजून पहिल्याचीच चौकशी चालू असते.

रात्र होतच नाही का? मध्यरात्रीचा सूर्य दिसेल?

नाही. त्यासाठी बरंच उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळापलीकडे जावं लागतं. गोथेनबर्गला या दिवसांत सूर्य सव्वाचारच्या आसपास उगवतो आणि रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरही पुरता अंधार होत नाही. हॉटेलचे पडदे जाड आहेत का ते बघा, नाहीतर झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी आणा. लहान मुलं 'अजून उजेड आहे' म्हणून अकरापर्यंत झोपत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

कपडे कोणते आणू? जून म्हणजे तिथे उन्हाळाच ना?

उन्हाळा आहे, पण तो तिथला. दिवसा १५ ते २० अंश, समुद्रावरून वारा, आणि पाऊस केव्हाही. मिडसमरला पाऊस पडणं हा स्वीडिश लोकांचा ठरलेला विनोद आहे. ते प्लास्टिकचा कोट चढवून बटाटे खात बसतात. टोपी असलेलं पावसाळी जाकीट, एक स्वेटर, गवतावर अंथरायला जाड चादर. छत्री किनाऱ्यावरच्या वाऱ्यात उलटी होते.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

सणाचं ताट म्हणजे मुरवलेली हेरिंग मासळी, नवे कोवळे बटाटे, शेपू, आंबट साय, कांद्याची पात, आणि शेवटी स्ट्रॉबेरी. यातून मासळी वगळली तरी बाकीचं ताट शाकाहारीच आहे. हे नवे बटाटे बोराएवढ्यापासून लिंबाएवढे, सालासकट उकडलेले असतात आणि त्यांना खरंच चव असते. लोणी, मीठ, शेपू, बस्स. कडक राय ब्रेड आणि चीज जोडीला. शेपू न आवडणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे, तो स्ट्रॉबेरी सोडून सगळ्यांत असतो.

शुक्रवारी रेस्टॉरंट शोधत फिरण्यापेक्षा गुरुवारी सुपरमार्केटमधून हे सगळं आणून बागेत जेवा. स्ट्रॉबेरी रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळते. स्वीडिश आहे का विचारून घ्या, बाहेरून आलेलीत तो वास नसतो. घरून आणलेला ठेचा बटाट्यांबरोबर काय जमतो म्हणून सांगू. फलाफलची दुकानं शहरात भरपूर आहेत आणि सणाला त्यातली काही उघडी सापडतात. मासे खाणाऱ्यांनी फेस्केशोर्का चुकवू नये: १८७४ चा मासळी बाजार, बाहेरून हुबेहूब चर्च. डागडुजीनंतर तो २०२४ मध्ये पुन्हा उघडला. सणात बंद असतो, म्हणून गुरुवारीच जा.

बिअर-वाईन कुठे मिळते?

साडेतीन टक्क्यांपर्यंतची बिअर सुपरमार्केटमध्ये. त्यावरचं जवळजवळ सगळं 'सिस्तेमबुलागेत' नावाच्या सरकारी दुकानात, वय २० पूर्ण हवं. ही दुकानं मिडसमरच्या शुक्रवारी बंद, शनिवारी बंद, रविवारी तर नेहमीच बंद. त्यामुळे गुरुवारी रांग दाराबाहेर असते.

गाडी चालवणाऱ्याने मात्र हात लावू नये. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रति हजार आहे, म्हणजे एक ग्लासही महागात पडू शकतो, आणि रात्रीची सकाळपर्यंत उतरलेली नसते.

बेटांवर गाडी नेता येते का?

दक्षिणेकडच्या बेटांवर नाही, आणि तेच त्यांचं सुख आहे. शहरातून ट्रामने सॉल्टहोल्मेन धक्क्यावर जा, तिथून बोट. ट्रामचं तिकीटच बोटीत चालतं. ते ॲपवर आधी काढा, बोटीत रोख घेत नाहीत. ब्रेनोए जवळचं, स्टिर्सोए मोठं, व्रोंगोए सगळ्यात दक्षिणेचं आणि पाऊण तासाच्या आसपासचं. एकच निवडायचं असेल तर व्रोंगोए. गुळगुळीत करड्या खडकांवरून पायवाट जाते, मधेच छोटी पुळण लागते. या बेटांवर गाड्या नसल्याने लोक पुढे लाकडी हौदा असलेली तीनचाकी मोपेड चालवतात; हौद्यात किराणा, गॅसची टाकी आणि वर बसलेली आजी, असं एकत्रच जाताना दिसतं.

पाण्यात उतरायचं तर उतरा, पण जूनमधलं हे पाणी कोकणातलं नाही.

उत्तरेच्या होएनोए बेटावर गाडी नेता येते. रस्ते खात्याची पिवळी फेरी फुकट आहे, पण सणाच्या दिवशी रांगेत बसायची तयारी ठेवा.

आई-बाबांना फार चालवत नाही. शहरात सोपं काय आहे?

पाडान नावाच्या चपट्या बोटी कालव्यांतून फिरवतात. १६२१ मध्ये शहर वसवलं तेव्हा आखणीला डच माणसं आणली होती, म्हणून हे कालवे. एक पूल इतका बुटका आहे की सगळ्यांना बोटीत खाली वाकावं लागतं. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना आधी सांगा. स्लॉट्सस्कूगनमध्ये एल्क (उत्तरेकडचं भलंमोठं हरीण), सील आणि पेंग्विन फुकट बघता येतात. हागा भागातली जुनी घरं बघा: तळमजला दगड-विटांचा, वरचे दोन लाकडी. तिथला ताटलीएवढा दालचिनीचा बन चौघांत एक पुरतो. लिसेबेरी हे १९२३ पासूनचं मनोरंजन उद्यान मुलांसाठी; सणात कोणत्या दिवशी उघडं आहे ते त्यांच्या कॅलेंडरवर बघा.

या शहराचा भारताशी काही संबंध आहे का?

आज आहे तो व्होल्वोसारख्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या इंजिनियरांमुळे. ट्राममध्ये मराठी कानावर पडलं तर दचकू नका. जुना संबंध स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा. ती १७३१ मध्ये इथे स्थापन झाली आणि १८१३ पर्यंत टिकली. तिचा धंदा मुख्यतः चीनच्या कँटनशी, चहा आणि चिनीमातीच्या भांड्यांचा. १७३३ मध्ये तिने तमिळ किनाऱ्यावर पोर्टो नोव्होला वखार थाटायचा प्रयत्न केला, पण इंग्रज आणि फ्रेंचांनी ती उधळून लावली. कंपनीची इमारत आज शहराचं म्युझियम आहे. १७४५ मध्ये तिचं एक जहाज चीनहून परतताना बंदराच्या तोंडाशी, घर दिसत असताना खडकावर आपटून बुडालं. त्याची प्रतिकृती २००३ मध्ये पाण्यात उतरवली.

रोख क्रोनर किती घेऊ?

नाही घेतले तरी चालेल. दोन वेगवेगळी कार्डं ठेवा. स्थानिक लोक वापरतात त्या स्विश ॲपला स्वीडिश बँक खातं लागतं.

तंबू कुठेही ठोकता येतो असं ऐकलंय.

घरांपासून लांब, एखादी रात्र, कचरा न करता, हो. हा हक्क माणसाला आहे, गाडीला नाही. कच्च्या जमिनीवर गाडी किंवा कॅम्पर घालता येत नाही.

नॉर्वे-डेन्मार्कमध्येही असंच असतं का?

तिथे २३ जूनच्या रात्री किनाऱ्यावर होळ्या पेटवतात, वार कोणताही असो. खांब आणि बेडूक स्वीडनमध्ये. तारखा जुळल्या तर एकाच सहलीत दोन्ही होतात: शुक्रवारी गोथेनबर्ग आणि २३ ला कोपनहेगन.

पुढे जाताना वाटेत कुठे थांबू?

ओस्लोकडे जात असाल तर तानुमला. कांस्ययुगातली खडकांवर कोरलेली होड्या-माणसं ई-६ पासून अगदी जवळ आहेत. १९९४ पासून जागतिक वारसा. दक्षिणेला जात असाल तर वारबेरीचा समुद्रकिनारी किल्ला, आणि त्याच्याजवळच ग्रिमेटॉनचं १९२० च्या दशकातलं रेडिओ केंद्र.

रविवारी दुपारनंतर सगळे उन्हाळी घरांतून परत शहराकडे येत असतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत निघा. संध्याकाळी जंगलातल्या आडरस्त्यांवर वेग कमी ठेवा, एल्क अचानक आडवा येतो. धडक झालीच तर ११२ ला फोन करायचा आणि ती जागा खूण करून ठेवायची. प्राणी पळून गेला तरी कळवणं बंधनकारक आहे.